साथीला बसलेला हात



गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी वाद्यवृंद सादर केला. गाणाऱ्या मुलींना टाळ्या मिळाल्या, की-बोर्डवाल्यालाही मिळाल्या. मागे बास गिटार घेऊन उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. दोन दिवसांनी त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, "सर, त्याला बास सोडून साधी गिटार घ्यायला सांगा. त्याचे वाजवणे ऐकूच येत नाही."

आम्ही मुलाला बोलावून विचारले. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी थांबलो की सगळे धावायला लागतात."

आपले बळ कशात आहे, हे या मुलाने ओळखले आहे. बास गिटारला बहुधा ४ तारा असतात आणि तिचा स्वर साध्या गिटारहून एक सप्तक खाली असतो. ताल आणि स्वर यांना एकत्र बांधणे हे तिचे काम. त्यासाठी वेगवान बोटांपेक्षा स्थिर लय, जागरूक कान आणि तेच तेच न कंटाळता वाजवण्याचा संयम लागतो. यातही प्रत्येकाचे बळ वेगळे. एखाद्याची लय हलत नाही, एखाद्याला गायक पुढे कुठे वळणार हे आधी कळते, एखाद्याला खालच्या स्वरांतच गोड चाल सुचते. आपले कोणते, हे ओळखून तेच आधी वाढवावे.

आपल्या गोव्याला हे नवीन नाही. चवथीला आरती सगळेच म्हणतात; पण एका हाताने घुमटावर थाप देत दुसऱ्या हाताने त्याचे तोंड झाकणारा-उघडणारा वादक चुकला, तर आरती विस्कटते. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर आयुष्यभर हार्मोनियमशी एकनिष्ठ राहिले. थोर गायकांना त्यांनी साथ केली आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नाव मिळायला वेळ लागतो, हेही खरे. अमेरिकेत १९६० च्या दशकात मोटाउन कंपनीच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी बास वाजवला, पण रेकॉर्डवर त्यांचे नाव नसे. १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते छापले गेले.

दूर कशाला जावे? आमच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत तरी साथीदारांची नावे कुठे होती? आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तिथे याला 'संगत' म्हणत. मराठीत 'साथसंगत' हा जोडशब्द भेटला, तेव्हा फार आवडला होता. तरीही पत्रिका तपासताना ही चूक आमच्या नजरेतून सुटली. त्या वडिलांना मुलाचे वाजवणे ऐकू आले नाही, यात आमचाही दोष आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे : यंदापासून पत्रिकेत प्रत्येक साथीदाराचे नाव छापावे आणि गायनाबरोबर साथसंगतीलाही एक बक्षीस ठेवावे.

पालकांना एवढेच सांगणे, की मूल पुढे उभे आहे की मागे, हे पाहू नका. ते थांबले तर काय थांबते, ते पाहा.

तो मुलगा बासच वाजवतो आहे. पुढच्या तालमीला त्याच्या वडिलांना आम्ही मुद्दाम बोलावले आहे. एक गाणे बासशिवाय ऐकवू, मग तेच बाससह.