पैसा रोखला म्हणजे काम थांबले का?

अमेरिकेत आरोग्य खात्याच्या खर्चाला संसद दरवर्षी मंजुरी देते. १९९६ पासून त्या मंजुरीसोबत एक छोटीशी अट जोडलेली असते. संशोधनासाठी मानवी भ्रूण तयार करायला किंवा भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला या खात्याचा पैसा वापरता येणार नाही, अशी ती अट आहे. डिकी आणि विकर या दोन खासदारांच्या नावाने ती ओळखली जाते. राष्ट्राध्यक्ष बदलत गेले, पण अट जागची हलली नाही.

आपला याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात मूलपेशींचा भाग आहे. तो शिकवताना एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "सर, हे आपल्यात जायज आहे का? आणि सरकारने यावर पैसा खर्च करावा का?" प्रश्न एका दमात आला, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतला सगळा घोळ ते एकच समजल्यामुळे झाला, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न: जायज की नाजायज?

पाच-सहा दिवसांचा भ्रूण टाचणीच्या टोकाहूनही लहान असतो. त्याच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते. त्या काढल्या की भ्रूण संपतो. हे भ्रूण बहुतेक वेळा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून उरलेले असतात.

हदीसच्या आधारे अनेक उलेमा १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असे मानतात. काही फकीह मात्र पहिल्या दिवसापासूनच भ्रूणाचा एहतेराम राखायला सांगतात. राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये मक्केत यावर विचार केला. पती-पत्नीच्या रजामंदीने दिलेल्या, उपचारातून उरलेल्या भ्रूणांच्या पेशी वापरायला तिने परवानगी दिली. मुद्दाम केलेला गर्भपात आणि क्लोनिंग यांतून पेशी घ्यायला मनाई केली. इराणमध्ये तेहरानच्या रोयान संस्थेने त्याच वर्षी अशा पेशी तयार केल्या. म्हणजे आपल्यात मतभेद आहेत, पण दार बंद नाही. अमेरिकेतल्या चर्चच्या घोषणा उचलून त्यांनाच इस्लामी भूमिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न: सरकारी पैसा

अटीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे. ज्याला भ्रूण म्हणजे पूर्ण माणूस वाटतो, त्याच्या कराच्या पैशातून तो का नष्ट करावा? जमीर नावाची गोष्ट आम्हालाही कळते. म्हणून या लोकांची टिंगल करणे आम्हाला पटत नाही.

पण अटीने प्रत्यक्षात काय झाले, तेही पाहू. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. सरकारी पैसा चालत नव्हता, म्हणून जेरॉन या खासगी कंपनीने मदत केली. पुढे पेटंट विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेकडे गेले आणि काही व्यापारी हक्क त्या कंपनीला मिळाले. काम झालेच, फक्त चाव्या दुसऱ्याच्या हातात गेल्या.

९ ऑगस्ट २००१ रोजी बुश यांनी मधला मार्ग काढला. त्या तारखेआधी तयार झालेल्या पेशींवरच सरकारी पैसा मिळेल, असे त्यांनी सांगितले. पात्र ठरलेल्या ६४ पेशी-वंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचे ३ होते. पण यादीतले बहुतेक वंश शास्त्रज्ञांच्या हाती आलेच नाहीत. प्रयोगशाळांत सरकारी पैशाची यंत्रे आणि खासगी पैशाची यंत्रे वेगळी ठेवावी लागली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्याचे ३ अब्ज डॉलर याच कामासाठी मंजूर केले. बुश यांनी २००६ आणि २००७ मध्ये सूट देणारी विधेयके नाकारली. २००९ मध्ये ओबामांनी निर्बंध सैल केले. तरी मूळ अट कायम राहिली. आता तयार पेशींवर संशोधनाला सरकारी पैसा चालतो, पण भ्रूणातून पेशी काढायला चालत नाही.

आणि उपचार केंद्रांत उरलेले भ्रूण? त्यांच्याविषयी ही अट एक शब्दही बोलत नाही. ते टाकून दिले तरी चालते. मग ज्या भ्रूणाच्या जपणुकीसाठी अट घातली, तो वाचला कुठे?

ब्रिटन आणि जर्मनीने सरळ मार्ग घेतला. ब्रिटनच्या १९९० च्या कायद्यानुसार पैसा कुणाचाही असो, भ्रूणावर संशोधन करायला परवाना लागतो आणि १४ दिवसांपुढे भ्रूण वाढवता येत नाही. जर्मनीने त्याच वर्षी भ्रूण नष्ट करण्यावरच बंदी घातली. दोन्ही देशांची उत्तरे उलट आहेत, पण नियम सर्वांना सारखा आहे. अमेरिकेच्या अटीत सरकार आपले हात स्वच्छ ठेवते आणि बाजाराकडे पाठ फिरवते.

नैतिक आक्षेप म्हणजे विज्ञानाशी दुश्मनी, असेही नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना भ्रूणाशिवाय मूलपेशींसारखे बनवले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जमिरालाही पटेल असा रस्ता विज्ञान शोधू शकते.

आपल्याकडचे खरे दुखणे

भारतात पैशावर अशी अट नाही. २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. तरीही बाजार चालूच आहे. आमच्या ओळखीच्या एका आईने ऑटिझम असलेल्या मुलासाठी दागिने मोडले आणि एका क्लिनिकला मूलपेशींच्या इंजेक्शनचे पैसे भरले. मुलात फरक पडला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही असे सांगितले होते. त्या माऊलीपर्यंत ते कुणी पोहोचवले नाही. मस्जिदीत नाही, शाळेतही नाही. या चुकीत आम्हीही आलो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. उद्या आपल्याकडे असा कायदा करण्याची भाषा झाली, तर "सरकारी पैसा बंद करा" एवढ्यावर खूश होऊ नये. सरकारी प्रयोगशाळेला हिशेब मागता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. बंद दाराआडच्या क्लिनिकला आपण काय विचारणार? जे नाजायज आहे ते सर्वांसाठी बंद असावे. जे जायज आहे ते सर्वांच्या देखरेखीखाली, गरिबालाही मिळेल असे व्हावे. उलेमा आणि डॉक्टरांनी एकत्र बसून लोकांना सोप्या भाषेत हे सांगावे. सार्वजनिक पैसा अमानत आहे, तसा आजारी माणसाचा विश्वासही अमानत आहे. अल्लाह आपल्याला दोन्ही सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.