मोटार लांबून चालू करू, पण आधी लांबून बंद करायची सोय करू
बेंबळी शिवारातल्या सर्व सौर पंपधारकांना जाहीर आवाहन

बेंबळी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,



आपल्यापैकी ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर सौर पंप बसला आहे, त्या सर्वांना एक विनंती आहे. या रब्बीत पाणी सुरू करण्याआधी आपण एकत्र बसू आणि घरी बसून पंप चालू-बंद करता येईल अशी बिनतारी सोय सगळ्या शिवारासाठी मिळून उभी करू. प्रत्येकाने बाजारातून वेगळी पेटी आणायची आणि ती बिघडली की वेगवेगळा त्रास काढायचा, हे टाळू. ही सोय उभी करताना एक नियमही ठरवू : ज्या पंपाला लांबून चालू करायचे बटण लागेल, तो वेळेवर आपोआप बंद होण्याची व्यवस्था त्याच दिवशी लागली पाहिजे.

ही गरज आत्ताच का निर्माण झाली, ते आधी सांगतो. केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली. त्यानंतर २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरली की पंप मिळतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात, असा हिशेब आहे. ज्यांच्या रानात विजेची तार पोचली नव्हती त्यांना प्रथमच दिवसा, हक्काचे पाणी मिळाले. रात्रीच्या पाळीची लाईट, अंधारात दारं धरणं, साप-विंचवाची भीती, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. या योजनेने आपल्या लोकांचं मोठं भलं केलं आहे, यात शंका नाही.

पण अडचणी दोन उरल्या. पहिली चालण्याची. घर गावात, रान दोन-तीन किलोमीटरवर, आणि मोटारीचं बटण विहिरीवर. पावसाळ्यात पांदण चिखलाने भरते. घरातला तरुण पुण्याला कामाला असतो आणि एका बटणासाठी सत्तरीतल्या आजोबांना किंवा घरच्या बाईला उन्हात जावं लागतं. दुसरी अडचण याहून मोठी आहे, पण तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. चालण्याचा कंटाळा म्हणून अनेक जण कंट्रोलर ‘ऑटो’वर ठेवून देतात. मग सूर्य वर आला की मोटार सुरू होते आणि मावळेपर्यंत चालते. ढग आला की थांबते, ढग गेला की पुन्हा सुरू होते. वीजबिल नाही, म्हणून थांबवायची घाई कुणालाच नाही.

हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ४,८०० वॅटची पॅनल असतात. पाणी ५० मीटर खोलीवर असेल तर चांगल्या उन्हात असा पंप दिवसाला सुमारे १ लाख लिटर उपसतो. भर दुपारी एका तासाला १५ हजार लिटरच्या आसपास. १० हजार लिटरचा टँकर धरला तर तासाला दीड टँकर झाला. शेततळं भरून वाहत असताना मोटार दोन तास जास्त चालली, तर तीन टँकर पाणी आपण जमिनीतून काढून उन्हात टाकलं. एप्रिल-मे महिन्यात याच तीन टँकरसाठी गावाला अर्ज करावे लागतात.

आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या मुरमाड, कुजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा मर्यादित असतो आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या विहिरींचा एकच असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्यापैकी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे. भूजलासाठीच्या अटल भूजल योजनेत राज्यातले जे १३ जिल्हे घेतले, त्यांत आपला जिल्हाही आहे. ऊन फुकट आहे, पाणी फुकट नाही. म्हणून लांबून मोटार बंद करता येणं ही मला चालू करता येण्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

लांबून मोटार चालवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र तयार केलं. शेतकऱ्याने मोबाईलवरून कळवलं की स्टार्टरला जोडलेली पेटी मोटार चालू किंवा बंद करते आणि लाईट आहे की नाही तेही सांगते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला पारितोषिक मिळालं. आज गावोगाव ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणून जे विकलं जातं, ती याच वाटेवरची यंत्रं आहेत. मात्र ती मुख्यतः विजेच्या तारेवर चालणाऱ्या मोटारींसाठी आहेत. ज्या रानात तारच नाही, तिथे पेटीला स्वतःची बॅटरी आणि छोटं पॅनल लागतं. शिवाय सिमकार्डाचं रिचार्ज लागतं आणि मोबाईलची रेंज लागते. ओढ्याकाठच्या सखल रानात ती मिळेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. योजनेतून मिळालेल्या पंपांच्या कंट्रोलरला दूरस्थ देखरेखीची पेटी जोडून देण्याची अट आहे. तिच्यात सिमकार्ड असतं आणि पंप किती चालला, किती वीज तयार झाली याची माहिती ती पाठवते. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये याच पेटीतून मोटार चालू-बंद करण्याची सोयही असते. आपल्या कंपनीच्या प्रतिनिधीला हे स्पष्ट विचारा. सोय असेल आणि रानात रेंज असेल, तर नवीन काही घेऊच नका.

जिथे हे जमत नाही, तिथे दुसरा मार्ग ‘लोरा’ नावाच्या रेडिओचा. यात सिमकार्ड नाही, मासिक खर्च नाही आणि मोबाईल टॉवरची गरज नाही. एक पेटी घरी, एक पंपावर. दोन्हींमध्ये जाणारा निरोप अगदी छोटा असतो, ‘चालू कर’, ‘बंद कर’, ‘झालं’. तो सावकाश पाठवला जातो, म्हणून थोड्या शक्तीतही काही किलोमीटर पोचतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. मात्र उपकरणाला केंद्राच्या दूरसंचार विभागाची प्रकारमान्यता असली पाहिजे. विकत घेताना तिचं प्रमाणपत्र मागा. बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त रिमोटही मिळतात. तो पट्टा आपल्याकडे अगदी कमी शक्तीच्या, घरातल्या वापरासाठी मोकळा केलेला आहे. शिवाय साध्या रिमोटचा संकेत ठरावीक असतो आणि एकाच्या बटणाने दुसऱ्याची मोटार सुरू होऊ शकते. ते घेऊ नयेत.

रेडिओच्या बाबतीत शक्तीपेक्षा उंची महत्त्वाची. तीन किलोमीटरच्या अंतरात, दोन अँटेनांना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती मधोमध सुमारे १० मीटर मोकळं लागतं. वाटेत टेकाड, दाट झाडी किंवा उभा ऊस आला की निरोप अडखळतो. प्रत्येकाने आपापल्या घरावर खांब उभे करण्याऐवजी गावातल्या एखाद्या उंच टाकीवर किंवा इमारतीवर ग्रामपंचायतीच्या संमतीने एकच सामाईक अँटेना लावला, तर चारी दिशांच्या रानांत निरोप पोचवता येईल. एकत्र येण्याचा खरा फायदा इथे आहे. एक अँटेना, एक तडित संरक्षण, एक अर्थिंग आणि दुरुस्ती जाणणारी गावातलीच दोन-तीन माणसं.

आता सुरक्षेच्या गोष्टी. या मी आग्रहाने सांगतो, कारण इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

पॅनलची तार मध्येच कापून तिथे रिले किंवा घरगुती स्विच लावू नका. पॅनल ओळीने जोडलेली असतात आणि त्यांचा दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विचमधली ठिणगी विझते. पॅनलचा प्रवाह एकाच दिशेने सतत वाहतो, म्हणून ठिणगी विझत नाही, स्विच जळतो आणि आग लागते. बहुतेक कंट्रोलरमध्ये टाकी भरल्यावर मोटार थांबवणाऱ्या फ्लोट स्विचसाठी कमी दाबाची वेगळी जागा असते. बिनतारी पेटीचा रिले तिथेच जोडायचा, तोही कंपनीच्या लेखी संमतीने. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी आहे. कंट्रोलर परस्पर उघडला तर ती हातची जाईल.

निरोप तुटला तर मोटार थांबली पाहिजे. घरच्या पेटीकडून ठरलेल्या वेळेत खूण आली नाही, की पंपावरच्या पेटीने आपणहून रिले सोडायचा, अशी रचना हवी. घरच्या पेटीवरचा दिवा बटण दाबल्यावर लागता कामा नये. मोटार खरोखर चालू झाल्याचं रानातून कळल्यावरच तो लागावा. पाणी नसताना मोटार चालू राहू नये, यासाठी कंट्रोलरमधलं ड्राय-रन संरक्षण बंद करू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, विहिरीवर कुलपाचा स्विच हवा. गाळ काढायला, फूटव्हॉल्व्ह बघायला किंवा मोटार वर घ्यायला माणूस उतरला, की त्याने तो स्विच बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग घरून, गावातून, पुण्यातून कुणीही बटण दाबलं तरी मोटार सुरू होता कामा नये. ज्या पंपावर हा स्विच नाही, त्याला सामाईक जाळ्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच सोय पिण्याच्या पाण्यालाही उपयोगी पडेल. टाकी गावात आणि विहीर लांब असली, तर टाकी भरल्याचा निरोप रेडिओने विहिरीवर जाऊन मोटार थांबू शकते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फेऱ्या वाचतील आणि टाकी वाहून जाणार नाही. ग्रामपंचायतीने या कामात रस घ्यावा, ही विनंती त्यासाठीच.

आपल्याकडून पुढील गोष्टी हव्या आहेत :

१. प्रत्येक सौर पंपधारकाने आपल्या पंपाची माहिती लिहून आणावी : अश्वशक्ती, विहीर की बोअर, गावापासूनचं अंतर, कंट्रोलर कोणत्या कंपनीचा, रानात मोबाईलची रेंज येते की नाही, हमी कधी संपते.

२. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आपण सर्वांनी मिळून अर्ज द्यावा.

३. पहिल्या हंगामात मोजक्या पंपांवरच प्रयोग करावा. एक जवळचा, एक लांबचा, एक सखल रानातला आणि एक उसाच्या पलीकडचा असे पंप निवडावेत. एक रब्बी नीट चालल्यावरच पुढे जावं. रेडिओचा सुटा भाग काही शे रुपयांत येतो. पेटी, रिले, बॅटरी आणि छोटं पॅनल धरून खर्च काही हजारांत जातो. प्रयोगाआधी कुणाकडूनही मोठी वर्गणी गोळा करू नये.

४. आयटीआय झालेले वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं-मुली आणि नोकरीतून निवृत्त झालेले जाणकार यांनी पुढे यावं. यंत्र बाहेरून आणता येईल, पण ते जपणारी माणसं गावातलीच हवीत.

५. पंप कितीही लांबून चालवता आला, तरी ठिबकचा व्हॉल्व्ह उघडा आहे का आणि पाइप फुटला नाही ना, हे बघणारं माणूस रानात किंवा शेजारी असावं. व्हॉल्व्ह बंद असताना पुण्यातून मोटार सुरू केली, तर नुकसान आपलंच.

६. दिवसाला किती तास उपसा करायचा, याची मर्यादा प्रत्येकाने पिकाप्रमाणे स्वतः ठरवावी आणि पेटीत ती वेळ भरून ठेवावी. ती पूर्ण झाली की मोटार थांबेल. एका ओढ्यावरच्या विहिरीवाल्यांनी ही मर्यादा एकमेकांना सांगून ठरवली, तर उत्तम.

ज्यांच्याकडे अजून सौर पंप नाही, त्यांनीही या ग्रामसभेला यावं. विहिरी वेगळ्या असल्या तरी खालचं पाणी एकच आहे, आणि ते किती उपसायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यांनाही आहे. घरातल्या स्त्रियांना आवर्जून आणा. उन्हाळ्यात पाणी आटलं की हंडा सर्वांत आधी त्यांच्या डोक्यावर येतो.

२ ऑक्टोबरला आपल्या पंपाची माहिती लिहिलेला कागद घेऊन ग्रामसभेला या, आणि शेजारच्या रानवाल्यालाही सोबत आणा.

आपला नम्र,
बेंबळी शिवारातला एक सौर पंपधारक शेतकरी