बीज मान्य, झाड मात्र अमान्य!

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत एका प्रकरणाचें नांव पूर्वीं 'आनुवंशिकता आणि उत्क्रांति' असें होतें. २०२३ सालच्या पुस्तकांत तें नुसतें 'आनुवंशिकता' एवढेंच उरलें. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं सह्या करून याचा निषेध केला. परिषदेचें उत्तर असें कीं, विद्यार्थ्यांवरील ओझें हलकें करावयाचें होतें, व हा विषय बारावीस आहेच. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. बारावीस जीवशास्त्र घेणारीं मुलें थोडीं. जो मुलगा दहावीनंतर व्यापाराकडे, कायद्याकडे किंवा शेतीकडे वळतो, त्याच्या कानांवर हा विचार शाळेंत पडावयाचाच नाहीं.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. कोर्टांत साक्षीदाराची जबानी जशीच्या तशी मान्य करावयाची, आणि तिच्यावरून निघणारा निकाल मात्र दप्तरांतून काढून टाकावयाचा, हा जसा न्याय, तसाच हा प्रकार झाला. कारण आनुवंशिकता मान्य केली, कीं उत्क्रांति फार दूर राहत नाहीं.

डार्विननें १८५९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचें पहिलें प्रकरण रानांतल्या पशूंविषयीं नाहीं. तें पाळीव जनावरें व लागवडीचीं झाडें यांविषयीं आहे. या गृहस्थानें घरीं कबुतरें पाळलीं, आणि लंडनच्या दोन कबुतरबाज मंडळ्यांचें सभासदत्वही पत्करलें. मोरासारखी शेपटी पसरणारा लक्का, हवेंत कोलांट्या खाणारा गिरेबाज, गळा फुगविणारी तिसरी जात, हीं रानांत सांपडतीं तर कोणाही पक्षितज्ज्ञानें त्यांस वेगवेगळ्या जातींचे पक्षी ठरविलें असतें. पण तीं सर्व एकाच रानपारव्याचीं लेंकरें! डार्विननें निरनिराळ्या जातींचा संकर करून पाहिला, तेव्हां कांहीं पिलांच्या अंगावर मूळ पारव्याचा निळसर रंग व पंखांवरचे काळे पट्टे पुन्हां उमटले.

हें समजण्यास आमच्या वाचकांस लंडनला जावें लागत नाहीं. खळ्यावर टपोरीं कणसें बाजूला काढून बियाण्यास ठेवणारा कुणबी हेंच करीत आला. खिलार बैलाचा चपळपणा याच रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. आणि सोलापूरकडे प्रसिद्ध असलेली एम ३५-१ ज्वारी ही मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढलेली आहे. यांत तीनच गोष्टी आहेत: एका आईचीं लेंकरें सारखीं नसतात, त्यांच्यांतला फरक पुढच्या पिढींत उतरतो, आणि सर्वांचा वंश सारखा चालत नाहीं.

प्रतिपक्षी विचारील, "येथें निवड करणारा माणूस आहे, निसर्गांत ती कोण करतो?" याचें उत्तर विदर्भाच्या कापूस-उत्पादकानें फार मोठी किंमत देऊन मिळविलें आहे. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. त्या झाडांतील विषानें शेंदरी बोंडअळी मरत असे. पण सगळ्याच अळ्या मरत नसत. ज्या थोड्या अळ्यांच्या अंगीं तें विष पचविण्याचा जन्मजात गुण होता, त्या वांचल्या, त्यांचाच वंश वाढला, आणि तो गुण पोरांत उतरला. २००६ सालीं दुहेरी विषाचें वाण आलें. पहिलें विष निकामी झाल्याची खात्री गुजराथेंत २०१० च्या सुमारास पटली, आणि पुढें दुसरेंही निकामी झालें. २०१७ सालीं विदर्भांतील कपाशीचीं बोंडें आंतून पोखरलेलीं निघालीं. येथें निवड कोणी केली? कोणींही नाहीं. कुणबी बीं राखून निवडतो, निसर्गांत मृत्यु वगळून निवडतो. हिशेब दोन्हीकडे एकच.

याच शास्त्रानें उपायही सांगितला होता. शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, म्हणजे तेथें साध्या अळ्या जगतील, त्यांचा विष पचविणाऱ्या अळ्यांशीं संकर होईल, व तो गुण लवकर पसरणार नाहीं. त्यासाठीं साधें बीं बीटीच्या पिशवीबरोबरच दिलें जात असे. पण पुष्कळ ठिकाणीं तें पेरलेंच गेलें नाहीं. अल्पभूधारकास त्या ओळी म्हणजे उघड तोटा वाटला, आणि त्यांचें कारण समजण्यास लागणारें शिक्षण त्यास कोणी दिलें नव्हतें. उत्क्रांतीचें अज्ञान ही केवळ पंडितांची अडचण नव्हे. तिचा हिशेब बाजारांतही चुकता करावा लागतो.

दुसरा आक्षेप पूर्वीं खरोखर वजनदार होता. आईबापांचे गुण दुधापाण्यासारखे मिसळत असतील, तर कोणताही नवा गुण चार पिढ्यांत विरून जाईल, असें फ्लीमिंग जेन्किन यांनीं १८६७ सालीं मांडलें, आणि डार्विनला त्यास समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. उत्तर १८६६ सालींच छापून पडलें होतें. ब्र्यून येथील मठांत मेंडेलनें वाटाण्याच्या गोल व सुरकुतलेल्या जातींचा संकर केला. पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल आले, पण दुसऱ्या पिढींत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे सुमारें तीनास एक. गुण विरला नव्हता, दडून बसला होता. १९०० पर्यंत या निबंधाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें मेंडेल व डार्विन यांची गणितानें सांगड घालणाऱ्यांत जे. बी. एस. हॉल्डेन हे एक प्रमुख होते. ते १९५७ सालीं या देशांत राहावयास आले, १९६१ सालीं येथील नागरिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. तेव्हां हें शास्त्र परक्यांचें आहे, असें म्हणण्यास स्वाभिमानी भारतीयास तर मुळींच आधार नाहीं.

"अळी शेवटीं अळीच राहिली," असेंही कोणी म्हणेल. कबूल. निवडीच्या पुराव्यानें एकट्यानें सर्व खटला सिद्ध होत नाहीं. त्यास खडकांतील अवशेषांची व पेशींतील डीएनएची साक्ष जोडावी लागते. पण ज्या यंत्रानें हें घडतें, तें चालतें, हें निवड व आनुवंशिकता यांनीं निर्विवाद दाखविलें आहे. आणि या सिद्धांतावरून कुळाचें श्रेष्ठत्व काढूं पाहणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, वांचली म्हणून बोंडअळी कोणाहून थोर ठरली नाहीं.

महाराष्ट्राच्या दहावीच्या २०१८ सालच्या पाठ्यपुस्तकांत आनुवंशिकता व उत्क्रांति हीं एकाच प्रकरणांत दिलीं आहेत. तीच रीति योग्य होय. घटनेच्या कलम ५१-अ नें वैज्ञानिक दृष्टि वाढविणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य ठरविलें आहे. मग पाठ्यपुस्तकें काढणाऱ्या परिषदेस त्यांतून सूट कशी मिळेल? ओझें कमी करावयाचें असल्यास तें पाठांतराचें करावें. मुलांस पुरावा द्यावयाचा, आणि निकाल मात्र लपवावयाचा, हें शिक्षण नव्हे. गाळलेला भाग परिषदेनें दहावीस पुन्हां घालावा, अशी आमची मागणी आहे.