शिकावें कोणाच्या देहावर?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगी परिचर्येची पदवी घेऊन नुकतीच एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षांत रुजू झाली. सुटींत भेटीस आली असतां ती म्हणाली, "काका, कळा देणाऱ्या बाईची आंतून तपासणी कशी करावी हें मला कोणी शिकविलेंच नाहीं. वरिष्ठ सिस्टरांनीं एका खाटेकडे बोट दाखविलें आणि 'हिच्यावर हात बसव' म्हणाल्या. मला कांहीं कळलें नाहीं. पण सगळ्यांसमोर तसें म्हणवेना, म्हणून मी ५ सेंटिमीटर सांगून टाकलें." त्या बाईस कोणी विचारलें होतें काय, या आमच्या प्रश्नावर ती गप्प बसली. शेजारीं बसलेले आमचे एक विद्वान स्नेही मात्र ताडकन् उद्गारले, "अहो, मग या मुलींनीं शिकावें तरी कोणावर?"

हा प्रश्न बिनतोड समजला जातो. तो तसा नाहीं, हें दाखविण्यासाठींच हा लेखनप्रपंच. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत असला नाजूक विषय कशाला, अशी शंका कोणी घेईल. पण ज्या खोलींत प्रत्येक कुटुंबाचा आरंभ होतो, त्या खोलींतील व्यवहाराविषयीं कुटुंबांनींच मौन पाळणें याला आम्ही सभ्यता म्हणत नाहीं.

प्रथम ही विद्या किती कठीण आहे तें पाहावें. येथें डोळ्यांचा उपयोग नाहीं. दोन बोटांच्या स्पर्शानें गर्भाशयाचें मुख किती उघडलें, किती पातळ झालें आणि बाळाचें डोकें किती खालीं उतरलें, हें ताडावयाचें असतें. मुख पूर्ण उघडलें म्हणजे १० सेंटिमीटर. तोंपर्यंतचें माप घेण्यास हातांत पट्टी नसते. बोटांमधील अंतर हेंच माप, आणि मुरलेल्या दोन हातांतहि एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रारंभीं हें मुख पुष्कळदां मागच्या बाजूस वळलेलें असतें. नवशिकीस तें सांपडत नाहीं, आणि बाळाच्या डोक्यावर ताणलेला पातळ पडदा बोटांस लागतांच सर्व मुख उघडल्याचा भास होतो. तेवढ्यावरून बाईस अकालीं जोर करावयास लावलें, तर ती थकून जाते आणि मुखास सूज येते.

आतां त्या मुलीनें अंदाजानें सांगितलेल्या ५ या आंकड्याचें काय होतें तें पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणें प्रसूतीची सक्रिय अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरतात. आंकडा खोटा असेल तर घड्याळ अगोदरच सुरू होतें, पुढें प्रगति मंद दिसते, आणि जी बाई मुळीं अडलेलीच नाहीं ती अडलेली ठरते. एका मुलीच्या संकोचानें दुसरीच्या पोटावर सुरी चालावी, याहून महाग संकोच कोणता?

आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचा इतिहासहि जुना आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक माता मेल्या, दुसऱ्यांत शेंकडा ३ हूनहि कमी. शवविच्छेदन करून विद्यार्थी व वैद्य थेट या स्त्रियांस तपासावयास जात, आणि त्या हातांबरोबर मरण जात असे, हें १८४७ सालीं सेमेलवाइस यांनीं ओळखलें. क्लोरीनच्या द्रावणानें हात धुणें सक्तीचें केल्यावर १८४८ सालीं हेंच प्रमाण शेंकडा दीडच्याहि खालीं आलें. त्या स्त्रिया बहुतेक गरीब होत्या. मोफत उपचारांच्या मोबदल्यांत विद्यार्थ्यांस आपला देह शिकण्यासाठीं देणें, असाच तेथील रिवाज होता. हात धुण्याचा धडा जगानें घेतला. मोबदल्याचा तो रिवाज मात्र आमच्या रुग्णालयांतून अद्याप हललेला नाहीं.

ही विद्या पुस्तकांतून येत नाहीं, हें स्नेह्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण १ पासून १० सेंटिमीटरपर्यंतचीं छिद्रें पाडलेल्या फळ्या व रबरी नमुने कशासाठीं आहेत? बोटांस मापाची ओळख प्रथम तेथें व्हावी. मग तपासणीची वेळ खरोखरच झाली असेल तेव्हां, बाईस सांगून व तिचा होकार घेऊन, दोन कळांच्या मध्यें, एकाच शिकाऊ मुलीनें तपासावें. जाणत्या परिचारिकेनें शेजारीं उभें राहावें. "थांबा" म्हटल्याबरोबर हात थांबावा. सर्व कांहीं सुरळीत असतां सक्रिय अवस्थेंत ४ तासांनीं एक तपासणी पुरे, असें त्याच २०१८ च्या शिफारशी सांगतात. अनेकांनीं अनेकदां तपासणें टाळावें, कारण त्यानें जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, "मला कळलें नाहीं" हें वाक्य मुलीस पहिल्या दिवशीं शिकवावें व तें उच्चारल्याबद्दल तिला कोणी हंसूं नये. पंचवीसहून अधिक वर्षें अध्यापन केल्यावर आमची खात्री झाली आहे कीं, ज्या वर्गांत हें वाक्य बोलण्याची चोरी असते, तेथें विद्यार्थी उत्तरें शिकतात, विषय शिकत नाहींत.

राहिला आमचा स्वतःचा प्रश्न. आमच्या लेकीसुना खासगी प्रसूतिगृहांत जातात. तेथें पडदा असतो, ओळखीची डॉक्टरीण असते, आणि नवख्या मुलीनें पुढें होऊं नये असें आम्ही बजावूनहि ठेवतों. पण त्या डॉक्टरिणीच्या नि परिचारिकेच्या बोटांत जें कसब आलें, तें बहुधा सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटेवर, जिला कोणी विचारलें नाहीं अशा एखाद्या मजूर बाईच्या देहावर आलें. आम्ही त्या कसबाची फी देतों. तिला आजवर काय दिलें?

तेव्हां स्नेह्यांस आमचें उत्तर असें: या मुलींनीं अवश्य शिकावें, आणि तेंहि कळा देणाऱ्या बाईकडूनच शिकावें, पण तिला विचारून. ती "हो" म्हणाली तर तिचे उपकार मानावे. ती "नको" म्हणाली तर तिच्या "नको"लाहि तुमच्या-आमच्या मुलीच्या "नको"इतकीच किंमत असावी. आणि हें मान्य नसेल, तर स्नेह्यांनीं पुढील शिकाऊ मुलीस आपल्या घरच्या बाळंतपणास बोलवावें.