आधी पडायला शिका



आपल्या बेळगावच्या मंडळीतली बरीच मुलेमुली आता ज्युदो-कराटेच्या क्लासला जातात. त्यांचे आईवडील आम्हांला दोन प्रश्न विचारतात. ख्रिस्ती लेकरांनी मारामारी शिकावी का? आणि बेल्टच्या परीक्षेत मूल नापास झाले, तर क्लास बंद करावा का? आमचे मत सरळ आहे. मुलांना अवश्य पाठवावे, आणि हरल्यावर तर मुळीच काढू नये.

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचा जन्म 1860 सालचा. अंगाने लहानखुरे असल्यामुळे शाळेत दांडगी मुले त्यांना त्रास देत, म्हणून ते जपानची जुनी जुजुत्सू विद्या शिकले. 1882 मध्ये टोकियोतल्या एका मंदिराच्या आवारात अवघ्या बारा चटयांवर त्यांनी आपली शाळा काढली. दांडग्यांचा सूड उगवणारे शिष्य त्यांना तयार करायचे नव्हते. शक्ती वाया न घालवता योग्य जागी वापरावी, आणि आपल्याबरोबर समोरच्याचेही भले व्हावे, ही दोन तत्त्वे त्यांनी ज्युदोच्या मुळाशी ठेवली.

ज्युदोच्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी कोणाला उचलून आपटायला शिकवत नाहीत. आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, हात चटईवर सपाट आपटायचा आणि उठायचे. हे शेकडो वेळा. ज्याला पडण्याची भीती वाटते तो अंग आखडून घेतो, आणि आखडलेल्या अंगालाच जास्त लागते. पुढे जोडीदाराशी खेळताना पकडीतून सुटता येत नसेल, तर हाताने थोपटून हार मान्य करायची असते. इथे बढाई चालत नाही. आपली ताकद किती, राग कुठे येतो, दम कधी सुटतो, हे चटई प्रत्येकाला सांगते. काळा पट्टा मिळाला म्हणजे सगळे आले असेही नाही. त्याच्या पहिल्या श्रेणीला जपानीत ‘शोदान’, म्हणजे ‘पहिली पायरी’ म्हणतात.

पवित्र शास्त्राला हा अनुभव परका नाही. उत्पत्तीच्या 32 व्या अध्यायात याकोब यब्बोकच्या उताराजवळ रात्रभर झुंजला. आशीर्वाद मिळाल्याशिवाय तो सोडायला तयार नव्हता. ही त्याची जिद्द. पण आशीर्वादाआधी त्याला एकच गोष्ट विचारली गेली, त्याचे नाव. पूर्वी आंधळ्या बापाकडून आशीर्वाद घेताना त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी त्याने स्वतःचे सांगितले. त्यानंतरच त्याला नवे नाव मिळाले, आणि तो लंगडत पुढे गेला. आम्हांला वाटते, नुसत्या जिद्दीने माणूस हट्टी होतो आणि नुसत्या आत्मपरीक्षणाने खचतो. यब्बोकला दोन्ही एकत्र आली, आणि आशीर्वाद मात्र देवाने दिला.

पौलानेही करिंथकरांना लिहिताना धावपटूचे आणि मुष्टियोद्ध्याचे उदाहरण घेतले. करिंथजवळ इस्थमियाचे खेळ भरत, त्यामुळे वाचकांना ते लगेच कळले असेल. त्याची लढाई मात्र स्वतःच्या शरीराला ताब्यात ठेवण्याची होती.

संयम आला की विजयही पचतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या अँटन गेसिंक यांनी ज्युदोच्या खुल्या गटात जपानच्या अकिओ कामिनागा यांना हरवले. गेसिंक यांचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले, तेव्हा त्यांनी हात वर करून त्यांना तिथेच थोपवले. हरलेल्याचा मान राखला गेला. मारामारी शिकून मूल बिघडेल अशी भीती वाटणाऱ्यांनी हा हात आठवावा.

आता मंडळीबद्दल. पी.यू.सी.ला नापास झालेला मुलगा, नोकरी गेलेला बाप, सोडलेली दारू पुन्हा धरलेला भाऊ, ही माणसे उपासनेला यायची बंद होतात. चर्च हे उभे राहिलेल्यांचे ठिकाण आहे, असे त्यांना वाटते. पडलेल्याला लपावे लागत असेल, तर तो उठायला कुठे शिकणार? नीतिसूत्रांच्या 24 व्या अध्यायात नीतिमानाच्या पडण्याचाही हिशेब आहे आणि उठण्याचाही. पेत्राने तीनदा नाकारल्यावरही प्रभूने त्याच्यावरच मेंढरे सोपवली.

म्हणून आमची विनंती आहे. निकाल लागले की पेढे घेऊन आलेल्यांसाठी आपण प्रार्थना करतोच. त्याच आठवड्यात नापास झालेल्याच्या घरीही दोघांनी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि रविवारी त्याला आपल्या शेजारी बसवावे. ज्युदोत एकट्याने सराव पुरा होत नाही, हात द्यायला जोडीदार लागतो. मंडळीतही तसेच आहे.

प्रभू आपल्याला पडण्याची लाज न बाळगण्याचे आणि उठण्याची जिद्द न सोडण्याचे बळ देवो. आमेन.