हात लावू द्या

फळी जितकी लांब, तितका चढ सोपा. गोदीत पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलं तेव्हा हे कळलं. अकोटात मॅट्रिक होईस्तोवर 'उतरण' नुसती पाठ केली होती. चुंबक, भिंग सगळं शाळेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. गुरुजी म्हणायचे, हात लावू नको.

हे वाक्य आपल्याला जुनं आहे. बाबासाहेबांना शाळेत नळाला हात लावायची मनाई होती. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान.

म्हणून मित्रांनो, अरविंद गुप्तांची मुलांची पुस्तकं मला कामाची वाटतात. ती सांगतात, हात लाव. आगपेटीच्या काड्या घे, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घे. चौकोन जोडून दाब, कलंडतो. त्रिकोण दाब, हटत नाही. पुलाला त्रिकोण काहून असतात, हे पोट्ट्याच्या बोटांनाच कळतं. मराठीतही आहेत, नेटवर फुकट आहेत.

सातपुड्यापल्याड होशंगाबादेत १९७२ पासून सरकारी शाळांतली खेड्यातली पोरं असंच करून शिकली. २००२ ला सरकारनं ते बंद केलं. प्रश्न विचारणारी पोरं कोणाला परवडतात?

पुस्तकानं काय होतं, विचारता? मायकेल फॅरडे लोहाराचा पोरगा. बांधणीच्या दुकानात कामाला होता. तिथं जेन मार्सेटबाईंचं रसायनाचं पुस्तक वाचलं, प्रयोग करून पडताळलं. १८३१ ला त्यानंच चुंबक हलवून तारेत वीज पैदा केली.

वस्तीतल्या विहारात ही पुस्तकं ठेवा. कपाटात नको. मळली, फाटली तरी चालेल. कोरी राहिली तर आपण हरलो.