मोडलेले धनुष्य आणि पत्र्याची शेड

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही घरी बनवलेले एक धनुष्य आमच्या भाचीच्या हातात मोडले. दोरी पूर्ण ओढलेली होती, बाण लावलेला होता, आणि एकदम फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरचे पाते मुठीपासून वीतभर अंतरावर तुटले आणि बांबूची एक कपची तिच्या गालात घुसली. डोळ्यापासून दोन बोटे खाली. तीन टाके पडले. डोळा वाचला, अल्लाहचे लाख लाख शुक्र. बारा वर्षांची पोर, रडली फार नाही. टाके घालताना एकच विचारत राहिली, "मामू, मी चुकीचं ओढलं का?"

तिचे काहीही चुकले नव्हते. त्या रात्री आम्ही मोडलेले दोन्ही तुकडे दिव्याखाली धरून पाहिले. तुटल्या जागी आत बारीक बोगदे होते आणि त्यांत पिठासारखा भुसा. बांबूला कीड लागली होती. शिवाय सारा बाक त्या एकाच जागी येत होता, बाकीचे पाते जवळजवळ सरळच राहत होते. कीड आमच्या डोळ्यांना दिसायला हवी होती, बाक तर दिसायलाच हवा होता. दिसला नाही, कारण आमच्या शेडमध्ये नीट पाहण्याची सोयच नव्हती.

वाचकांपैकी काहींना माहीत आहे की लोणी काळभोरला घरामागे आमची आठ बाय दहाची पत्र्याची शेड आहे. एका अंगाला कपडे धुण्याचा दगड, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत. शाळेतल्या मुलांना तिरंदाजीची गोडी लागली तेव्हापासून सुटीच्या दिवशी आम्ही तिथे सरावाची धनुष्ये बनवतो. बर्लिनला २०२३ साली साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी जागतिक अजिंक्यपद मिळवले, त्यानंतर तर वर्गातली निम्मी मुले हात लांब करून हवेत बाण सोडू लागली. त्या दोघांच्या हातात असते ते कंपाउंड धनुष्य, त्याचा खर्च लाखांत जातो. पण शालेय स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार असतो आणि त्यात बांबू-लाकडाचे देशी धनुष्य चालते. आमची धनुष्ये स्पर्धेची नव्हेत. पहिले चार-सहा महिने मुलाने उभे कसे राहायचे, दोरी हनुवटीपर्यंत कशी आणायची, हे शिकण्यापुरती ती आहेत. तेवढ्यासाठी कुठल्या घराने कर्ज काढू नये, एवढाच आमचा इरादा.

इरादा नेक असला तरी शेड नेक नव्हती. बांबू कोपऱ्यात उभे टेकवलेले, त्यांची बुडे ओल्या फरशीवर. पटाश्या रंगाच्या डब्यात, रंधा सिमेंटच्या पोत्यावर. उजेड म्हणजे डोक्यावर एक ट्यूब. ओळखीचे एक सुतारमामा अपघातानंतर पाहायला आले, आत नजर फिरवली आणि म्हणाले, "सर, हत्यारं भरपूर हायेत तुमच्याकडं. जागा कुठंय?" आम्हाला वाटले, शेड लहान आहे असे ते म्हणतायत. ते म्हणत होते की कुठल्याच वस्तूला तिची अशी जागा नाही.

पहिले काम आम्ही लाकडाचे केले, कारण धनुष्य बिघडते ते तिथे. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून, भिंतीपासून चार बोटे लांब, एक माची बांधली. कामट्या तिच्यावर आडव्या, एकमेकींना न चिकटता, मध्ये चिपा घालून ठेवायच्या. ऐन उन्हाळ्यात मात्र त्या खाली, खाटेखाली आणतो. पत्रा तापला की लाकूड घाईने वाळते आणि टोकांना चिरते. टोकांना आम्ही मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासतो, कारण लाकडातले पाणी सर्वांत जलद टोकांतूनच निघून जाते.

वाळले की नाही हे कसे ओळखायचे? पूर्वी आम्ही वाजवून पाहायचो. आता स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरतो (मुलांच्या अम्मीने दोन अटींवर दिला: पुसून परत करायचा आणि रमजानमध्ये मागायचा नाही). प्रत्येक कामटीवर नंबर, आणि दर रविवारी वजन वहीत. एक कामटी ७४० ग्रॅमवर आली होती, ती उतरत उतरत ५१० ला थांबली. सलग तीन आठवडे वजन हलले नाही की ती तयार समजतो. पावसाळ्यात तीच कामटी हवेतला ओलावा पिऊन पुन्हा जड होते, हेही वहीनेच शिकवले. म्हणून जून ते सप्टेंबर धनुष्य तासायचे नाही. त्या महिन्यांत मुठी घडवायच्या, हत्यारांना धार लावायची, दोऱ्या वळायच्या.

बांबू विकत घेतानाही आता घाई नाही. पुण्यात बुरूड आळीला जाऊन आम्ही आधी विचारतो, तोड कधीची? पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्या पक्क्या बांबूत कीड कमी लागते, कारण किड्यांना हवा असतो तो आतला पिठूळ भाग, आणि त्या दिवसांत तो कमी असतो. फोडलेल्या कामट्या आठ-पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या तर त्यातला बराचसा निघून जातो. पाण्याला वास येतो, ते रोज बदलावे. शक्यतो भरीव बांबू घ्यावा: मानवेल, किंवा कोकणातला माणगा. ज्यांच्या बांधावर बेट आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही. सह्याद्रीतल्या धामणीचे लाकूड लवचीक, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि धनुष्याला पूर्वीपासून नावाजलेले. पण ते झाड आहे, त्याला परवानगी लागते. चोरून आणलेल्या धामणीवर मुलांना नेम शिकवण्यात आम्हाला रस नाही.

बाहेरची चकचकीत साल आम्ही कधी तासत नाही. बांबूचे सर्वांत बळकट तंतू तिथेच दाटीने असतात, आणि धनुष्य ओढले की ताण त्याच पाठीवर येतो. तासायचे ते पोटाकडून. पाठीवर चर आहे का हे बघायला कापसाचा बोळा हलक्या हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. जिथे तंतू उठला असेल तिथे कापूस अडकतो.

उजेडाचे गणित आम्ही शाळेत शिकवतो आणि घरी विसरलो होतो. डोक्यावरचा दिवा सावली पडू देत नाही, आणि सावलीशिवाय उंचवटा दिसत नाही. आता कामाच्या फळीला समांतर, कुशीतून येणारा एक दिवा लावला आहे. त्यात पात्यावरची रंध्याची प्रत्येक खूण उठून दिसते. हे महत्त्वाचे का? पात्याची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणजे १० मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर गेला तर ताठपणा चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो. रंध्याचे दोन हात एकाच जागी जास्त फिरले की तिथे बिजागरी तयार होते. भाचीचे धनुष्य त्या बिजागरीवरच मोडले.

बिजागरी वेळीच दिसावी म्हणून शेडमधली सर्वांत मोठी सुधारणा केली ती भिंतीवर. साडेपाच फुटांची जाड फळी उभी ठोकली, तिच्या माथ्याला खाच. धनुष्याची मूठ खाचेत बसते, दोरी खाली लोंबते. दोरीला ताणकाटा, त्याला सुंभाची दोरी, ती फळीच्या बुडाशी लावलेल्या कप्पीतून दारापर्यंत. भिंतीला चुना देऊन पाच-पाच सेंटिमीटरच्या चौकोनी रेघा मारल्या. आता दारात, सात-आठ फूट लांब उभे राहून धनुष्य ओढता येते. मोडलेच तर भिंतीसमोर मोडते, कुणाच्या गालासमोर नाही. दोन्ही पाती रेघांवर सारखी वाकतात का ते पाहायचे, जे ताठ आहे ते तासायचे, जे जास्त वाकते त्याला हात लावायचा नाही. थोडे तासले की वीस-पंचवीस वेळा हलके ओढायचे, म्हणजे लाकूड नव्या बाकाला सरावते, मग पुढचा इंच. बारा वर्षांच्या मुलाला सात किलोच्या आसपास ओढ पुरते. काटा सातवर आला की थांबायचे, दोरी हनुवटीपर्यंत पोचली नसली तरी. मग पुन्हा तासणे. एका धनुष्याला पूर्वी दोन रविवार लागत, आता सहा लागतात.

शेवटी पूर्ण ताणलेले धनुष्य तसेच धरून कौतुक करत बसू नये, आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नये. बाणात जाणारी सारी ताकद मग पात्यांत उलटी फिरते. मुले हे हमखास करतात. पाहुणे त्याहून जास्त करतात.

हत्यारांबद्दल थोडक्यात. भिंतीवर फळी, प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने त्याची आकृती. मगरिबच्या अजानला काम थांबते तेव्हा एका नजरेत कळते की कानस परतली, पटाशी नाही. धारेची हत्यारे वरच्या ओळीत, कुलुपाच्या दारामागे.

धुळीचे सांगायला हवे, कारण त्यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत. आमच्या वालिदांना दमा आहे. पॉलिश पेपरने घासलेली बारीक धूळ खिडकीतून थेट त्यांच्या खोलीत जायची, आणि 'हवा बदललीय म्हणून खोकला' असे आम्ही स्वतःला समजावत होतो. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत आहे, हे वाचल्यावर ग्राइंडर विकून टाकला. रंधा आणि कानशीने छिलके निघतात, ते खाली पडतात आणि पाणी तापवायच्या बंबात जातात. धूळ हवेत राहते. घासण्याचे काम आता तोंडाला मास्क लावून, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, वारा घराकडून बाहेर असेल तेव्हाच. केर काढण्याआधी पाण्याचा हात मारायचा. खोकला संपला असे म्हणणार नाही, पण हिवाळ्यात रात्री दोन वेळा उठायच्या त्या आता बहुधा झोपतात.

आणखी एक, जवसाच्या तेलाचे बोळे. धनुष्याला तेलाचा हात देऊन तो फडका चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. आमच्या गावाच्या वेशीवर तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकरच्या रांगा रोज पाहतो, तरी हे आम्हाला बरीच वर्षे माहीत नव्हते. फडका दोरीवर मोकळा वाळत घालावा किंवा पाण्याच्या बादलीत टाकावा.

हे सगळे आपल्याला परके नाही. तिरंदाजीची हदीसमध्ये आलेली ताकीद घराघरात ठाऊक आहे, पण हदीसच्या संग्रहांत बाण चालवणाऱ्याबरोबर तो नेक इराद्याने बनवणाऱ्या कारागिराचाही उल्लेख आहे, तो आपण कमी सांगतो. धनुष्य बनवणाऱ्याला फारसीत कमानगर म्हणतात. बंदुका आल्यावर कच्छचे कमानगर कुंचल्याकडे वळले आणि त्यांची भिंतीवरची चित्रे कमांगरी म्हणून ओळखली गेली. मिरजेचे शिकलगार हत्यारांवरून तंबोरे-सतारींकडे वळले; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तीही घरांतूनच चालत आलेली कारागिरी आहे, आणि वाद्याचे लाकूड व भोपळे पुरते वाळल्याशिवाय तिथे कुणी हात लावत नाही. उस्मानी तुर्कांचे कारागीर लाकूड, शिंग आणि स्नायूतंतू सरसाने जोडून धनुष्य वाळायला ठेवत ते वर्ष वर्ष. आम्ही दोन रविवारांत उरकू पाहत होतो.

भाचीने मोहरमच्या सुटीत येऊन शेड पाहिली. रेघांच्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली, मग स्वतः दारात जाऊन सुंभ ओढला आणि दोन्ही पात्यांचे चौकोन मोजले. "मामू, डावं अर्धा चौकोन कमी येतंय." खरेच येत होते. सध्या चार कामट्या माचीवर आहेत. तीन नंबरची ५३५ वर आहे आणि अजून उतरते आहे. तासायला घेऊ ती ऑक्टोबरनंतर, इन्शाअल्लाह.